आप्पांनी कापलेलं गॅस्केट

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. महेशला, म्हणजे नवऱ्याला नाही, आणि आप्पांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या विक्रोळीच्या घरी चहाला येणार नाही.

गोष्ट एवढीशी — एका गॅस्केटची. इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसवतात तो जाड कागदाचा तुकडा, पाणी गळू नये म्हणून. हसू आलं ना? मलाही आलं असतं.

आप्पा माझे सासरे. मालवणकडचे, जन्मभर कारखान्यात फिटर. मला गाडी त्यांनीच शिकवली. महेश मागे बसून मोबाइल बघायचा आणि पुढे आम्ही दोघं — त्यांचं लक्ष माझ्या क्लचवर, माझं त्यांच्या भुवईवर. पहिल्यांदा चढावर गाडी बंद पडू दिली नाही, तेव्हा त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं. माझ्या वडिलांनीही माझं एवढं कौतुक केलं नव्हतं.

त्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळायला लागलं. वाकोल्याच्या मेकॅनिकनं थर्मोस्टॅटवरचं झाकण खोललं, तर आतल्या गॅस्केटचा भुगा झालेला. मी झाकण पिशवीत घालून घरी आणलं. आप्पा असताना असली वस्तू विकत आणणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. खड्डे पडलेत, पातळ गॅस्केट टिकायचं नाही, म्हणाले. मग जाड कागद झाकणावर ठेवून छोट्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत तो कापत बसले, दुपारभर, माझ्या ओट्यावर. माझ्या पोळ्या राहिल्या. पण मी चिडले नाही, मी त्यांचा हात बघत होते. तो थरथरत होता.

त्या हातानं कापलेलं नीट असेल? — आलंच मनात. शिवाय मेकॅनिकपुढे तो घरगुती तुकडा काढायची लाज वाटली. तीही खरीच. मी कुर्ल्याला जाऊन तयार गॅस्केट घेतलं. गुळगुळीत, पाकिटातलं, वर छापील नंबर. आप्पांच्या गॅस्केटशी लावून बघितलं. भोकं बरोबर जुळली, पण विकतच्याची जाडी निम्मीच होती. मला ते दिसलं होतं — दिसलं नाही असं कसं म्हणू? तरी तेच बसवायला दिलं. आप्पांचं कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

चारच दिवसांनी नणंदेचा साखरपुडा होता, मुलुंडला. भांडुपपाशी तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफ. नणंद शालू सावरत हायवेच्या कडेला उभी, हातात पेढ्यांचा बॉक्स. कधी पान्हा न उचललेला महेश ओरडला, "आप्पा, कशाला हवी होती ही कारागिरी? हात चालतो का आता तुमचा?"

आप्पा वाकून बघत राहिले. इंजिन तापलेलं, हात कुठे घालणार? मग हळूच म्हणाले, "माझोच हात चुकलो."

त्यांना घाम पुसायला रुमाल द्यावा म्हणून मी पर्स उघडली — आणि ते तिथेच होतं, रुमालाखाली. एक वाक्य पुरे होतं. एका वाक्याला काय लागतं? मी रुमाल दिला आणि पर्स बंद केली.

त्यानंतर हातोडी माळ्यावर गेली. कुकरचं हँडल सैल झालं तरी आप्पा म्हणायचे, बाहेरून करून आण. शेजारचे पंखा घेऊन आले, तर आता जमत नाही म्हणून परत पाठवलं. वयानं नव्हे, मी म्हातारं केलं त्यांना.

पुढच्याच आठवड्यात मी चुपचाप आप्पांचं गॅस्केट बसवून घेतलं. घरी सांगितलं, दुकानातून चांगल्यातलं आणलंय. सहा वर्षं झाली. एक थेंब नाही.

अजूनही रविवारी निघताना आप्पा गुडघ्यावर हात टेकून वाकतात आणि गाडीखालची फरशी बघतात. कोरडी असते. मग माझ्या शेजारी बसतात, पट्टा लावतात आणि समाधानानं म्हणतात, "बघलंस गो? कंपनीचो माल तो कंपनीचोच. हातच्या कामाचा काय खरा नाय."

मी "हो आप्पा" म्हणते आणि गाडी सुरू करते.