दूध आटेपर्यंत

दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधांच्या खोलीला लागून एक लांबट खोली होती. दर बुधवारी दुपारी तिथे गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांचा वर्ग भरायचा. बाळाला अंगावर कसं पाजायचं, ते शिकायला त्या यायच्या. शिकवणाऱ्या बाई मूळच्या नर्स, पण सगळ्या त्यांना मावशीच म्हणत. घरी नवरा चिडवायचा, "निघाल्या पान्हाबाई!"

मावशींच्या हातात कापडी बाहुली आणि तोंडाचा पट्टा सुरू. "बाळाला छातीशी आणा, छाती बाळापाशी नेऊ नका. नाहीतर महिन्याभरात कमरेचं धनुष्य होईल," म्हणत त्या वाकून दाखवायच्या आणि बायका खो-खो हसायच्या. दूध उतरत नाही म्हणून एखादी ओशाळून कोपऱ्यात बसली, की मावशी सगळ्यांदेखत सांगायच्या, "माझी लेक डब्याच्या दुधावर वाढली. दोन-दोन पाळ्या करायचे मी तेव्हा. आता माझ्याहून उंच झालीय आणि माझ्यावरच डाफरते." कोपऱ्यातली मग हळूच पुढे सरकायची.

एका बुधवारी वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे राहिली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, सातवा महिना लागलेला. खुर्च्या रचायला हात लावता लावता ती म्हणाली, "मावशी, एक सांगायचं होतं. माझं बाळ जगणार नाही."

मावशींच्या हातातली खुर्ची अधांतरीच राहिली.

"मेंदूची वाढच झाली नाही म्हणतात डॉक्टर. जन्माला येईल, पण फार तर दिवसभर. नवरा म्हणतो, मग वर्गाला कशाला जातेस, जिवाला त्रास. पण मला एकदा तरी पाजायचंय हो. मी आले तर चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" मावशींनी खुर्ची खाली ठेवली. "इथे पाजायला शिकवतात. तुला पाजायचंय. मग झालं तर."

ती येत राहिली. शेजारच्या बायका कौतुकाने विचारायच्या, "नाव ठरवलंस का गं?" तीही सांगायची, "दोन शोधलीत, बघू." अशा वेळी मावशींच्या हातून नेमकी बाहुली खाली पडायची, काहीतरी हशा व्हायचा आणि विषय निघून जायचा. घरी मात्र मावशींचं जेवणावरचं मन उडालं होतं.

मुलगी झाली. वरच्या मजल्यावरून निरोप येताच मावशी जिने चढत गेल्या. बाळाला टोपी घातलेली, चेहरा इवलासा. ओढायची ताकद नव्हती.

"जोर करू नकोस," मावशी म्हणाल्या. "हलक्या हाताने दाब. येईल."

पिवळसर चिकाचा थेंब आला. आईने तो बोटावर घेऊन बाळाच्या ओठाला लावला. जीभ हलली.

"चाटलं! मावशी, चाटलं तिनं!" ती नवऱ्याकडे वळली. "बघितलंस ना तू?"

डोळे भरून आल्यामुळे त्याला काहीच दिसलं नव्हतं. "बघितलं," तो म्हणाला.

संध्याकाळी बाळ आईच्या मांडीवरच गेलं. मावशी घरी आल्या, चपला न काढताच खुर्चीत बसल्या आणि लेकीला फोन लावला.

"काय गं आई, काय झालं?"

"काही नाही. तू बोल. काहीही बोल."

लेक तिच्या नव्या साहेबाची गाऱ्हाणी सांगत राहिली आणि मावशी ऐकत राहिल्या.

पुढच्या बुधवारी वर्ग ऐन रंगात असताना दारात त्या मुलीचा नवरा येऊन उभा राहिला. "मावशी, येता का? तिची छाती दगडासारखी झालीय. ताप आहे. मला जवळ येऊ देत नाही."

दूध भरलं होतं. ते कसं आणायचं, हे मावशींनी जन्मभर शिकवलं होतं. परत कसं पाठवायचं, हे वर्गात कधी निघालंच नव्हतं. त्यांनी वर्ग सोडला, त्याच्या स्कूटरवर मागे बसल्या आणि वाटेत भाजीवाल्याकडून कोबीचा एक गड्डा घेतला.

ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. अंगावरचे कपडे भिजलेले.

"बाळ गेल्याचं सगळ्यांना कळवलं, मावशी," ती म्हणाली. "माझ्याच अंगाला कळवायचं राहिलं का हो?"

मावशींनी कामाला हात घातला. सूज उतरावी म्हणून गार केलेली कोबीची पानं छातीवर ठेवली. "घट्ट बांधायचं नाही. सगळं रिकामंही करायचं नाही, पुन्हा भरतं. फार ठणकलं तर आराम पडण्यापुरतंच काढ."

वाटीत दूध जमलं. "हे टाकायचं?" तिने विचारलं. मावशींनी वाटी उचलली खरी, पण पाय उचलेना. शेवटी नवऱ्याने ती घेतली, मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिला.

मावशी रोज जाऊ लागल्या. ताप उतरला, गाठी विरल्या. एके दिवशी तिनेच दार उघडलं. "आज कोरडं आहे," म्हणाली आणि उंबऱ्यातच खाली बसली. बाळ गेलं त्या संध्याकाळी रडली नव्हती, तेवढी आता रडली. "आटलं, मावशी. तिचं म्हणून एवढंच उरलं होतं माझ्याकडे."

मावशी तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रडू नको, असं त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर वर्गाच्या शेवटी त्या दूध आटवण्याबद्दलही थोडं बोलू लागल्या. एक पहिलटकरीण घाबरून रडली, तिच्या सासूने तक्रार केली. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. "तुमचा हेतू चांगला आहे हो, पण पोटुशी बायकांपुढे हे असलं नको."

"मग कुणापुढे, साहेब?"

डॉक्टरांनी पुढची फाईल ओढून घेतली. मावशींनी वर्गात त्यावर बोलणं सोडलं, पण वरच्या मजल्यावरच्या नर्सना बजावून ठेवलं, की एखादीचं बाळ गेलं तर मला हाक मारा. निवृत्तीनंतरही हाका येत राहिल्या आणि त्या जात राहिल्या. अशा दिवशी नवरा चिडवायचा नाही. मुकाट्याने कुकर लावायचा.

ती मुलगी आणि तिचा नवरा त्याच वर्षी गाव सोडून गेले. "तिचा कधी फोन येतो का गं?" मावशींच्या नवऱ्याने एकदा विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "आणि न आलेलाच बरा. माझा आवाज ऐकला, की तिला तेच दिवस आठवणार."