मुलुंडची सायकल, दिंडोरीचा रस्ता

मुलुंडच्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत ती सायकल तेरा महिने उभी होती. सुरुवातीला तिच्यावर जुनी चादर होती. मग चादर धुवायला गेली आणि हँडलवर नॅपकिन वाळत पडू लागले.

सायकल माझ्या मित्राची. एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर आम्ही वीसेक वर्षं शेजारी बसून दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या. त्यातली शेवटची दहा वर्षं रविवारी सकाळी सायकली चालवल्या. तो मुलुंडहून निघायचा, मी बोरिवलीहून, आणि पवईला तलावापाशी भेटायचो. उपनगरात सायकल चालवणाऱ्याचा नियम एकच असतो: डावी कड सोडायची नाही. गटाराची झाकणं, उभ्या रिक्षा, पानवाल्याच्या पिंका, सगळं त्या दोन फुटांत असतं. तरी तीच आपली जागा, असं आम्ही धरून चाललो होतो.

एका रविवारी घाटकोपरजवळ मागून आलेल्या टेम्पोने त्याला कडेला दाबलं. टेम्पोचा धक्का लागला नाही. पुढचं चाक झाकणाच्या फटीत गेलं आणि तो उजव्या खांद्यावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड-दोन महिन्यांत ते जुळलं. त्यानंतर त्याने दोनदा सायकल बिल्डिंगच्या गेटपर्यंत आणली आणि दोन्ही वेळा लिफ्टमधून परत वर नेली. मागून काहीतरी येतंय असं वाटतं, एवढंच म्हणाला. मध्यंतरी त्याने हँडलला एक गोल आरसा बसवून घेतला, पण आरसाही बाल्कनीतच राहिला.

त्याच्या बायकोचं म्हणणं साधं होतं. "एकतर चालव, नाहीतर देऊन टाक. मला बाल्कनी पाहिजे."

तेव्हा अट त्याने स्वतःच घातली. जिथे मागून काहीच येत नाही अशा रस्त्यावर एकदा चालवून बघायचं. तिथेही जमलं नाही, तर सायकल द्यायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

असा रस्ता मुलुंडपासून दहिसरपर्यंत कुठे नव्हता. तो सापडला दिंडोरी तालुक्यात. पूर्वी नाशिकच्या द्राक्षांवर एक पुरवणी काढताना मी तिथे गेलो होतो. वाईनच्या द्राक्षांच्या बागांमधून एक पाट जातो आणि पाटाच्या कडेने खडी-मुरुमाचा रस्ता. पाटाच्या कामाची एखादी गाडी किंवा बागेतला ट्रॅक्टर, एवढीच काय ती रहदारी. तेव्हा ओळख झालेल्या एका बागायतदाराच्या घरापासून छोट्या धरणाच्या भिंतीपर्यंत नऊ किलोमीटर. अशा रस्त्यासाठी हल्ली वेगळ्या सायकली मिळतात. दिसायला रेसिंगच्या, पण टायर जाड, गाठीगाठींचे. त्याची सायकल तसलीच होती. विकत घेतल्यापासून तिने फक्त मुंबईचं काँक्रीट पाहिलं होतं.

फेब्रुवारी महिना होता. दोन्ही सायकली गाडीच्या मागे बांधून आम्ही शनिवारी त्या बागायतदाराकडे मुक्कामाला पोचलो. निघताना त्याची बायको खाली आली होती. मला म्हणाली, "भावजी, पडला तर उचलून आणा. पण खोटं सांगू नका."

"सांगणार नाही, वहिनी."

रविवारी उन्हं आल्यावर निघालो. तो पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ रांगा होत्या, हवेत गारवा होता. वाहन एकही नव्हतं. चाकाखाली खडी कर्रकर्र वाजत होती आणि त्या आवाजाने माझं लक्ष दुसरीकडे गेलं. आमच्या लहानपणी बोरिवलीत बिल्डिंगपासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट अशीच होती. लाल माती, वर पसरलेली खडी. भाड्याची सायकल आणायची, सीटवरून पाय पुरायचे नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवायची. गुडघ्यात रुतलेला एक खडा डॉक्टरांनी चिमट्याने काढला होता, तो मी काडेपेटीत बरीच वर्षं जपला. आता त्या वाटेवर काँक्रीट आहे आणि दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात.

पुढे तो घसरला. पाय टेकवून सावरला, निघाला. दोनशे मीटरवर पुन्हा घसरला. त्याची नजर रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त होती.

"काय दिसतंय?" मी ओरडून विचारलं.

"तू! दर वेळी तूच दिसतोस यार. वाट लागली डोळ्यांची."

तिसऱ्यांदा मागचं चाक सरकलं आणि तो आडवा झाला. लागलं नव्हतं. तळहात खरचटला होता. उठून त्याने सायकल हाताने ढकलायला सुरुवात केली. मग म्हणाला, "झालं. फोन लाव तुझ्या वहिनीला. सांग, बाल्कनी मोकळी झाली."

"खोटं सांगू नका म्हणालीय."

"मग खरंच सांग ना."

मी फोन काढला नाही. मनगटावरच्या घड्याळात अंतर पाहिलं. आम्ही दोन किलोमीटरही आलो नव्हतो.

शेजारच्या बागेत तोडणी चालली होती. वाईनची द्राक्षं ऊन चढायच्या आत तोडतात, त्यामुळे काम संपत आलं होतं. भरलेले क्रेट बांधावर रचलेले होते आणि सात-आठ बायका पाणी प्यायला बसल्या होत्या. त्यांची मुकादम, साठीची बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. तिने हाक मारली.

"कुठनं आले, भाऊ?"

"मुंबई. मुलुंड."

"सायकलीवर?"

"नाही, गाडीतनं. सायकल गाडीवर बांधून."

"म्हंजी घरापासून सायकल गाडीवर बसवून आनली, आन हितं हातात धरून फिरवताय." बायका मोकळेपणाने हसल्या. तोही हसला. त्या सकाळी पहिल्यांदाच.

तिने एक घोस पुढे केला. काळे, बोराएवढेही नसलेले मणी, जाड साल, आत बियाच बिया. "खायची न्हाईत ही. पन खाऊन बगा." मग ती रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मगापासून बगते मी तुमाला. येवढा रस्ता मोकळा पडलाय, आन तुमी दोघं त्या कडंनंच मरताय. ट्रॅक्टरच्या चाकानं सगळी खडी कडंला लोटली जाती. तितं बैल बी घसरंल. मधून चला की."

"मागून काही आलं तर?" मित्राने विचारलं.

"काय येनार? आमचा ट्रॅक्टर. त्यो दोन बागा आदी ऐकू येतो."

आम्ही दोघांनी रस्त्याकडे पाहिलं. मध्ये ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन वाटा होत्या, दाबून दाबून घट्ट झालेल्या, सारवल्यासारख्या. आमच्या सायकलींच्या खुणा मात्र अगदी डाव्या कडेने आल्या होत्या, जिथे सुटी खडी साचली होती. त्याच्या आणि माझ्याही. एकही वाहन नसलेल्या रस्त्यावर आम्ही दोन किलोमीटर वाहनांना वाट सोडत आलो होतो, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तो बराच वेळ त्या खुणा बघत राहिला. मग सायकल उचलून त्याने चाकाच्या वाटेवर ठेवली.

"चल रे," म्हणाला. "पडलो तर यांच्यासमोर पडू, हसायला तरी मिळेल यांना."

पहिले काही मीटर तो डावीकडे ओढला जात होता. हँडल आपोआप वळत होतं, तो ते परत आणत होता. मी दुसऱ्या चाकाच्या वाटेवर आलो. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच शेजारी शेजारी सायकल चालवत होतो. आजवर त्याची मला पाठच माहीत होती. पाठ आणि मागे केलेला हात, खड्डा दाखवणारा.

चौथ्या किलोमीटरला तो बोलायला लागला. मुलुंडला त्यांच्या चाळीपुढे असाच रस्ता होता म्हणे, आणि तो बहिणीला पुढे दांड्यावर बसवून भर मधून न्यायचा. आई गॅलरीतून ओरडायची. "आई काय ओरडायची माहितीये? कडेने चालव मेल्या, कडेने! तेव्हा कधी ऐकलं नाही." सहाव्या किलोमीटरला समोरून ट्रॅक्टर आला. खरोखरच दोन बागा आधी ऐकू आला. आम्ही उतरून बाजूला उभे राहिलो, तो गेल्यावर पुन्हा मध्ये आलो. धरणाच्या भिंतीला पोचलो तेव्हा त्याने खरचटलेला तळहात पाण्यात धरला. परतीचे नऊ किलोमीटर तो पडला नाही.

संध्याकाळी गाडीवर सायकली बांधायला घेतल्या. मी माझी बांधली. तो त्याच्या सायकलीजवळ उभाच होता.

"ही इथेच राहू दे," म्हणाला.

"म्हणजे सोडलीस?"

"नाही रे. मुलुंडला नेऊन परत कडेनेच चालवायची ना. त्यापेक्षा इथे ठेवतो. येत जाऊ."

बागायतदाराने क्रेटच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून जागा करून दिली. मित्राने खिशातला पाना काढून आरसा सोडवला.

मुलुंडला त्याच्या बायकोने दार उघडलं, आमच्या मागे लिफ्टमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, "सायकल कुठाय? दिलीस?"

"ठेवलीय," तो म्हणाला आणि आरसा टेबलावर ठेवला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, की दोनदा घसरला, एकदा पडला, मग सोळा किलोमीटर चालवली. तिने ते मनाशी तपासून घेतलं, हात धुवा म्हणाली आणि आत गेली.

या गोष्टीला चार हिवाळे झाले. उपनगरात तो पुन्हा सायकलवर बसला नाही. पवईला मी हल्ली एकटाच जातो, डाव्या कडेने. दर फेब्रुवारीत एकदा आम्ही दिंडोरीला जातो. शेडमध्ये त्याच्या सायकलीवर धूळ असते, सीटवर द्राक्षाची वाळकी पानं पडलेली असतात. तो ती पुसतो, टायर दाबून बघतो आणि रस्त्याच्या मध्ये नेऊन उभी करतो. बाल्कनीत आता तुळस आणि दोन खुर्च्या आहेत. आरसा त्याची बायको कुंकू लावायला वापरते.