नखाएवढी फीत

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही गफूरला ओळखत नाही.

गफूर पिंजाऱ्याचा मुलगा. नंदुरबारच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच्या सदऱ्याला कापसाचे तंतू कायम चिकटलेले, पण हात — काय हात होते त्याचे! मी काचेची नळी धरली की फुटायची. तो धरायचा तेव्हा आतलं पाणीसुद्धा हलायचं नाही. मास्तर सारखे म्हणायचे, "गफूरकडे बघा." किती बघायचं? माझे वडील कचेरीत कारकून, घरी पुस्तकं, शिकवणी — आणि बघायचं पिंजाऱ्याच्या पोराकडे? मी जळत होतो. दुसरा शब्द नाही.

मॅट्रिकनंतर पुण्याच्या कॉलेजात सायन्सला मास्तर एकाच मुलाची शिफारस करणार होते. दिवाळीआधीच्या प्रयोगावर ते ठरणार होतं. मॅग्नेशियमची फीत तोलायची, आम्लात टाकायची, निघालेला हायड्रोजन पाण्यात उपड्या धरलेल्या नळीत मोजायचा आणि एक ग्रॅम-रेणू वायू किती जागा व्यापतो ते काढायचं. उत्तर पुस्तकात छापलेलंच होतं — बावीस पूर्णांक चार लिटर. आम्ही बहुतेक जण आधी उत्तर लिहायचो, मग मागचे आकडे जुळवायचो. गफूर जे येईल तेच लिहायचा.

दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, फीत मिळेनाशी झाली होती. प्रत्येकाला एकच तुकडा. पुन्हा मागायची सोय नाही.

गफूरने तुकडा तोलला, वजन लिहिलं आणि परातीत पाणी भरून आणायला गेला. रमजान होता, सकाळपासून त्याच्या घशाखाली थेंब नव्हता. आणि मी — मी त्याच्या फितीचं टोक मोडलं. नखाएवढं. खिशात टाकलं. एवढंच केलं मी. एवढंच?

त्याचं उत्तर एकोणीसच्या आसपास आलं. त्याने डोळे नळीजवळ नेले, गणित पुन्हा केलं, आणि आलं तेच लिहिलं. माझं अर्थातच बावीस पूर्णांक चार.

घरी जाताना तो म्हणाला, "मन्हीच नजर चुकनी व्हई रे. रोजा शे ना."

तेव्हा सांगता आलं असतं. मास्तरांचं घर वाटेवरच होतं. मी म्हणालो, "हाव रे, रोजामुळेच व्हई."

फीत मी जळफळून मोडली. हे वाक्य मात्र विचार करून बोललो.

शिफारस मला मिळाली. निघताना स्टेशनवर माझी ट्रंक गफूरनेच डब्यात चढवली.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हाही रमजानच होता. भरदुपारी गफूर दुकानात रजईचा कापूस पिंजत होता, शेजारी चहाचा कप. त्याच्या आईने मला आत बोलावलं. डोळ्यांना पदर लावून कारण विचारलं, "भाऊ, तू त्याना दोस्त. हाऊ रोजा काबर धरस नही?"

मी म्हणालो, "माले काय माहीत, खाला."

तिला ते खरं वाटलं.