यल्लव्वाची हरकत

यल्लव्वाने टेबलावरची माती चिमटीत घेतली आणि सरळ तोंडात टाकली. सांगलीतल्या त्या बैठकीत वास्तुविशारद होते, अभियंते होते, दोन ठेकेदार होते. सगळे बघत राहिले. तिने दाताखाली माती फिरवली, खिडकीशी जाऊन थुंकली आणि म्हणाली, "खारी हाय. भितीला लोणा धरंल. पापुद्रं सुटत्याल."

मी तिला पाहिलं ते असं. माती, चुना, दगड वापरून उन्हाळ्यात थंड राहणाऱ्या इमारती बांधाव्यात, सरकारी कामांतही त्या चालाव्यात, म्हणून सातारा-सांगलीतल्या लोकांनी एक कार्यगट केला होता. पत्रकं लिहिणं आणि बैठकीचं इतिवृत्त ठेवणं माझ्याकडे. यल्लव्वा जत तालुक्यातली, मेंढरंवाल्या घरातली, साठी ओलांडलेली. मातीचा गिलावा करायला तिला लांबलांबून बोलावणं यायचं. एवढा एसटीचा प्रवास करून यायची, पण बैठकीत खुर्चीवर कधी बसली नाही. भिंतीला टेकून उभी. "खुर्चीत बसलं की मला सारखं व्हय व्हय म्हणावंसं वाटतंय," म्हणायची.

ती येत होती एका अंगणवाडीसाठी. "आमच्या वाडीवरची अंगणवाडी पत्र्याची. चैतात पोरं आत टिकत न्हाईत, रडत्यात. तुमी पर्यावरण म्हणा न्हाईतर काय बी म्हणा, मला त्यो पत्रा काढायचा हाय." तिची नात त्याच पत्र्याखाली बसायची. गटाचं ठरलं होतं की आधी सांगलीजवळ नमुन्याची एक खोली बांधायची. ती टिकली, तर पुढची इमारत यल्लव्वाच्या वाडीवर.

टेबलावरची ती माती त्याच खोलीसाठी एका ऊसवाल्याने फुकट देऊ केली होती. गटाचे प्रमुख अभियंते देशमाने साहेब समजावू लागले, "मावशी, या मातीच्या विटेची ताकद आम्ही तपासलीय. उत्तम आहे."

"ताकद असंल की. रेड्याला बी असती. म्हणून त्येला देवळात बांधायचा व्हय?" सगळे हसले. ती हसली नाही. "उसाला पाणी पाजून पाजून रान मिठानं पांढरं झालंय, सायेब. दुसरी माती बघा."

दुसरी माती शोधायची म्हणजे पावसाळ्याआधी खोली उभी राहत नव्हती. सगळ्यांना घाई होती, सगळ्यांत जास्त मला. मातीच्या घराला 'कच्चं' म्हणणाऱ्यांच्या तोंडावर ती खोली फेकायची होती मला. मी इतिवृत्तात लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'माती सर्वानुमते मंजूर.'

अंगठा उठवण्याआधी यल्लव्वाने विचारलं, "ह्ये सर्वानुमते म्हंजी काय गं पोरी?"

"म्हणजे सगळ्यांनी मिळून," मी म्हणाले.

"मिळून तर करायचंच हाय," म्हणत तिने अंगठा दाबला.

मला अर्थ चांगला माहीत होता. पण बाहेरच्यांना आपल्यातली फूट दिसता कामा नये, हे ज्या पत्रकांत वाचत मी वाढले, त्यांनी ते मला इतकं पाजलं होतं की लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही.

खोली झाली. गिलावा यल्लव्वाचाच, तळहातासारखा गुळगुळीत. पावसाळ्यात भिंतीने ओल प्यायली आणि हिवाळ्यात खालचा फूटभर भाग पांढरा पडला. बोट लावलं की गिलावा भसाभसा गळायचा. पाहणीला आलेले अधिकारी बुटाच्या टोकाने भिंत उकरत म्हणाले, "शेवटी कच्चंच की हो हे!"

मार्चमध्ये साताऱ्यात बैठक बसली. एक ठेकेदार म्हणाला, "गिलावा बाईंचा होता. कामगाराची कसूर, असं लिहू. गटाचं नाव तरी राहील." देशमाने साहेबांनी जुनं इतिवृत्त उघडलं. "मातीच्या मंजुरीवर मावशींचा अंगठाही आहे," ते हळूच म्हणाले.

यल्लव्वा भिंतीपासून पुढे आली. "पोरी, काय हाय त्या कागदात?"

मी उभी राहिले. "सर्वानुमते म्हणजे सगळ्यांचं एकच मत. तुम्ही नाही म्हणाला होता, मावशी. मी ते लिहिलं नाही. तुम्हाला अर्थही खोटा सांगितला."

ती म्हणाली, "आमच्या घरात तीन माणसं न् चार मतं. आन् हितं ईस माणसांचं एकच? लिवताना तुजं तुला हसू न्हाई आलं?" कुणीतरी खुसकन हसलं. "खोड ते. आन् लिव, यल्लव्वा न्हाई म्हणाली."

मी खोडलं आणि लिहिलं. खाली पहिली सही देशमाने साहेबांनी केली. माती खारी होती, हे अहवालात गेलं, कसुरीचं वाक्य गळलं. वाडीवरच्या अंगणवाडीचा प्रस्ताव मात्र त्या पाहणीनंतर आधीच नामंजूर होऊन परत आला होता.

मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. त्या दिवसानंतर ती बैठकीला आली नाही. वाटेत मी सांगत होते की माझ्या चुकीचं पत्रक काढीन, नाव घालून, सगळीकडे वाटीन. तिने ऐकून घेतलं.

"छाप की. तुजं तोंड आत्ताच हलकं दिसाया लागलंय," ती म्हणाली. "वाडीवर कवा येतीस, ते सांग."

"पुढची बैठक झाली की लगेच."

जतची गाडी लागली. एक पाय पायरीवर ठेवून ती मागे वळली.

"पोरं आज बसल्यात गं पत्र्याखाली," म्हणाली, आणि आत चढली.