तिसरी नळी
झेंडूचा वास आला की मला अमेरिकेतल्या ट्रॉय गावातला तो दसरा आठवतो. सेलमधून आणलेली जुनी जर्मन शिकारी बंदूक मी हौसेनं पूजेत मांडली होती. लेकीनं समोर बसून तिला कुंकू लावलं, फूल वाहिलं. दुपारी शेजारचे अमेरिकन आजोबा, जुन्या बंदुकांचे जाणकार, ती कोणत्या सालची ते सांगायला आले. सालाचे शिक्के नळ्यांच्या खालच्या अंगाला असतात, म्हणून त्यांनी ती मधोमध उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. मला दोनच नळ्या दिसल्या होत्या. त्यांच्याखाली तिसरी, रायफलची होती, आणि तिच्यात काडतूस होतं. पूजेचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं; कुंकवाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "सकाळी हिचं तोंड कुणाकडे होतं?" लेक म्हणाली, "टुवर्ड्स मी. व्हाय?" आता आमच्याकडे पूजेला फक्त लॅपटॉप असतो, तरी ती फूल वाहायला वाकली की मी तिला बाजूला ओढतो.