शाकाहारी शिव्या

सायमनमामांची शिवी हॉर्नच्या आधी पोचायची. औरंगाबाद-पाचोड बसवर ते ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, अशी आमची जोडी बरीच वर्षं टिकली. रस्त्यात म्हैस आडवी आली की आधी म्हशीचा, मग मालकाचा आणि शेवटी मालकाच्या सासरवाडीचा उद्धार व्हायचा. मनात काही नसायचं. "शिवी दिली की क्लच हलका पडतो," असं ते गंभीरपणे सांगत.

मामा छावणीत राहत आणि रविवारचं चर्च चुकवत नसत. एका वर्षी राखेच्या बुधवारी ते कपाळावर राखेचा क्रूस घेऊनच ड्यूटीवर आले. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस ख्रिस्ती लोक उपवास आणि प्रार्थनेत घालवतात. मामा दरवर्षी मटण सोडत. त्या वर्षी फादरांनी जास्तीचं मागितलं होतं.

"म्हणले, सायमन, पोटाचा उपास लई झाला, आता जिभेचा कर," मामा सांगू लागले. "मी व्हय म्हणून बसलो. पण मग गाडी चालवायची कशी, ते इचारायचं राहिलं."

आडूळच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध एक बैलगाडी डुलत चालली होती. मामांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, आणि खिडकीतून आवाज गेला, "ए दुधी भोपळ्या, बाजूला घे." बैलगाडीवाला असा गोंधळला की त्याने बैल सरळ ज्वारीत घातले.

मामांना वाट सापडली. "मटण बंद, तर शिव्याबी शाकाहारी," ते म्हणाले. त्या दिवसापासून सायकलवाले दोडके झाले, ट्रकवाले सुरण आणि डेपोतले साहेब, अर्थात त्यांच्या माघारी, कारलं. शहागंजातले एक कापडवाले दर बाजाराला आमच्याच बसने यायचे. त्यांनी काळजीने विचारलं, "उस्ताद, तबियत तो ठीक है ना?"

पुढे पुढे भाज्याही कमी झाल्या. मामा गप्प राहू लागले. पाचोडच्या स्टँडवर चहा पिताना एकदा म्हणाले, "तोंड बंद झालं, तर आतलं ऐकू यायला लागलं."

मग त्यांनी थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. दाऊददादा पाचोडलाच शेती करत. बांधावरून भांडण झालं तेव्हा मामांनी भर गावात त्यांचा बाप काढला होता. बाप दोघांचा एकच, हे नंतर लक्षात आलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं, आणि दादा आमच्या बसमध्ये कधी पाय ठेवत नसत.

"मग जाऊन भेटा की," मी म्हणालो.

"फादर जिभेचं बोलले. पायाचं कायच बोलले नाय," मामा म्हणाले आणि चहाचा कप ठेवून उठले.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात दाऊददादाच स्टँडवर दिसले. बायकोला तापाने उभं राहवत नव्हतं आणि त्या दुपारी शहराकडे दुसरी गाडी नव्हती. दादा ड्रायव्हरच्या खिडकीखाली येऊन थांबले.

"हाण काय शिव्या हाणायच्या त्या," ते म्हणाले. "ऐकून घेतो. पण हिला दवाखान्यात ने."

मामांनी तोंड उघडलं. खिडकीतून वाकून वहिनींकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "चढ की, काशीफळा. वहिनीला उन्हात कशाला उभं केलंस?"

दादांनी घाईने वहिनींना आधार देत वर चढवलं. तापातही वहिनी हसल्या. खिडकीजवळची सीट मी रिकामी करून दिली. मामांनी त्या दिवशी प्रत्येक खड्डा असा चुकवला की मागच्या सीटवरचे पहिल्यांदाच झोपले.

वहिनी बऱ्या झाल्या. ईस्टरला दादा-वहिनी दोघंही छावणीत जेवायला आले, मलाही बोलावणं होतं. रूथमामींनी मटण केलं होतं. दोघे भाऊ समोरासमोर बसून खाली बघत जेवत होते. शेवटी मामांनी विचारलं, "कापूस कसाय?" त्या एका प्रश्नावर दाऊददादा ऊन उतरेपर्यंत बोलत राहिले. मधे मामी दोनदा उगाच आत जाऊन डोळे पुसून आल्या.

निघताना दादा म्हणाले, "पुढल्या रविवारी तुम्ही या."

मामा माझ्याकडे वळले. "रविवारी चर्चनंतर माझी ड्यूटी हाय. बदली कोण मिळंल रे?"

"बघतो," मी म्हणालो, आणि सोमवारी सकाळी आधी त्याच कामाला लागलो.