लाल खात्यातली आंघोळ

ऐंशीच्या सुमारास सालवडच्या आमच्या चाळीत नवरे रंगावरून ओळखू यायचे. बहुतेक जण रंगाच्या कारखान्यात. पिवळ्या खात्यातला पिवळा होऊन घरी यायचा, निळ्यातला निळा. आमचे हे लाल खात्यात. कंपनी महिन्याला साबणाच्या वड्या द्यायची आणि हे अर्धा तास मोरीत बसून अंग घासायचे. लाल पाणी गटारापर्यंत जायचं.

पुढे एका वर्षी आंघोळीनंतर ह्यांना खाज सुटायला लागली. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. टॉवेल फेकून खोलीभर नाचायचे. मी ठरवून टाकलं, रंग अंगात मुरतोय. मग आणखी साबण, दिवसातून दोनदा आंघोळ. खाज दुप्पट. बोईसरच्या डॉक्टरांनी कारखान्याचं नाव ऐकलं आणि मान वर न करता मलम लिहून दिलं. हे दमतात म्हणून मी शहाणी रोज बीट चारत होते, रक्त वाढावं म्हणून.

मग कारखाना दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद राहिला. मोरीतलं पाणी स्वच्छ जायला लागलं, ह्यांचं तोंड मात्र लालच. घरमालकीण दारात बोंबील साफ करत बसली होती. म्हणाली, "तुजा नवरा पितो काय गो? कारखाना बंद हाय, तरी लाली जात नाय."

हे चहासुद्धा अर्धा कप घेणारे. मला तिचा राग आला, आणि लगेच भीती वाटली, कारण लालीचं बाई बरोबर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी ह्यांना पालघरला नव्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी डाव्या बरगडीखाली दाबून पाहिलं, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. रक्त तपासलं तर लाल पेशी नको तेवढ्या. मुंबईला हाडातला मगज काढून तपासला, तेव्हा नक्की झालं. रक्ताचा कॅन्सर, पण सावकाश चालणारा; खाज आणि लाली त्याचीच. औषध घ्यायचं आणि अधूनमधून पिशवीभर रक्त काढून टाकायचं.

मी रडत होते. हे म्हणाले, "चला, बीट तरी सुटलं."

अशी अकरा वर्षं काढली. खाज पूर्ण कधी गेली नाही. मी टॉवेल घेऊन उभी राहायचे, हे शिव्या देत नाचायचे आणि मी निर्लज्जासारखी हसायचे.

गेले तेव्हा शेवटची आंघोळ घालून मीच त्यांचं अंग पुसलं. माणसं उचलायला पुढे आली. मी टॉवेल धरून तशीच उभी. म्हटलं, जरा थांबा, आता खाज सुटेल.